बिडाचा खेळण्यातला ट्रक: रंग नंतर बघा, आधी उलटा करा

तुम्ही विचारलंय की आर्केड या जुन्या अमेरिकन खेळणी-कारखान्याचा हा 12 इंची मॅक डंप ट्रक (मॅक कंपनीच्या ट्रकची खेळण्यातली प्रतिकृती) अस्सल आहे का. फोटो सगळे वरून आणि बाजूने काढलेत, त्यावरून मी हो म्हणणार नाही आणि तुम्हीही पैसे पाठवू नका. विकणाऱ्याकडून पोटाचे, आतल्या बाजूचे आणि जोडाचे फोटो मागवा.

अमेरिकेतल्या फ्रीपोर्टची आर्केड, लँकेस्टरची हबली, ओहायोतली केंटन या कारखान्यांची ओतकामाची वाळू अगदी बारीक असायची. म्हणून जुनं बीड पातळ आणि गुळगुळीत लागतं, आतूनसुद्धा. दोन अर्धे भाग रिव्हेट ठोकून इतके नीट बसवलेले असत की जोडात नख शिरत नाही. नकलेत पृष्ठभाग खरखरीत, जोडाला फट, आणि ती झाकायला मारलेल्या ग्राइंडरचे ओरखडे. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला, तर निदान गाडी नंतर कुणीतरी उघडली आहे हे नक्की, कारण मूळ जोड रिव्हेटचा, आणि तसले स्क्रू 1930 च्या दशकाच्या मध्यानंतरचे.

सगळ्यात भरवशाची कसोटी मापाची. नक्कल करणारे बहुधा अस्सल गाडीच पॅटर्न (साच्याचा नमुना) म्हणून वाळूत दाबतात. बीड थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं, म्हणजे नक्कल अस्सलपेक्षा 12 इंचांत जवळजवळ 3 मिलिमीटर लहान. कॅटलॉगमधली लांबी ढोबळ असते, तिच्याशी ताडू नका. खात्रीच्या अस्सल गाडीचा एकच सलग ओतलेला भाग घ्या आणि तोच भाग दोन्ही गाड्यांवर व्हर्नियर कॅलिपरने मोजा.

गंजाचं म्हणाल तर जुना गंज गडद तपकिरी, घट्ट बसलेला. बोटाला नारिंगी भुकटी लागली की सावध व्हा. रंगही जिथे हात लागतो, जमिनीला घासतं, तिथेच उडायला हवा: टपाच्या कडा, मडगार्ड, चाकं. खाचाखोचांतला रंग गेलाय आणि कडांवरचा शाबूत आहे, हे खेळून होत नाही. लोहचुंबक चिकटला म्हणून हुरळू नका, तो नकलेलाही चिकटतो.

बीड ठिसूळ, पडलं की तडकतं. टॉर्च मारून आतून बघा, पितळी रंगाची रेघ दिसली तर तिथे डाग देऊन जोडलंय. निकेलच्या मुलाम्याचा ड्रायव्हरही बऱ्याचदा मागाहून बसवलेला असतो, किंमत ठरवताना ते धरा.

घेतलात तर कृपा करून तारेचा ब्रश, पॉलिश पेपर लावू नका आणि नवा रंग तर अजिबात देऊ नका. मूळ रंग गेला की किंमत गेली, शिवाय त्या काळच्या रंगात शिसं असतं, त्याची धूळ नाकात जायला नको. मुलांच्या हातीही देऊ नका. मऊ कोरड्या ब्रशने झाडा, मग मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (जुन्या वस्तू जपायला लावतात ते मेण) पातळ हात. मुंबई-कोकणात असाल तर पावसाळ्यात बंद काचकपाटात ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवा. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे ते तापवून पुन्हा कधी सुकवायचे ते कळतं.