एआय वापरायला बसताय? आधी एवढंच करा

मॅडम, दहा ॲप उतरवून घेऊ नका. चॅटजीपीटी किंवा जेमिनाय, एकच धरा आणि महिनाभर एकाच कामाला लावा. माझं मत विचाराल तर सरावाची उदाहरणं. त्यातच आपला शिक्षकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो.

नवीन माणूस 'अपूर्णांकांवर प्रश्न दे' एवढंच लिहितो आणि मिळालं ते बघून वैतागतो. असं सांगून पाहा: 'इयत्ता पाचवी, समान छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज, आठवडी बाजारातली आठ शाब्दिक उदाहरणं, वाक्यं छोटी, उत्तरं शेवटी.' फरक लगेच दिसेल. आवडलं नाही तर 'तिसरं सोपं कर' म्हणा, एआय कंटाळत नाही!

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा:

- उत्तरसूची स्वतः सोडवून बघा. कवितेच्या बाबतीत तर पाठ्यपुस्तकच उघडा. बहिणाबाईंच्या नावावर भलत्याच ओळी एआय बिनदिक्कत खपवतो.
- मुलांची नावं, आधार क्रमांक, गुणपत्रकाचे फोटो त्यात टाकू नका.

उत्तरपत्रिका तपासायला लावणं, पीपीटी, व्हिडिओ हे सगळं नंतर. या आठवड्यात एक घटक चाचणी काढा, ती वर्गात चालते का बघा.