अडल्या दिवसाचं खातं

बाय,

परवा खळ्यात बसून तू मोबाइलवर बचत खात्यांची तीन ॲपं दाखवलीस आणि विचारलंस, "काकी, सात टक्के व्याजवालंच उघडू ना?" गडी जेवायला बसले होते, म्हणून तेव्हा मी काही बोलले नाही. पण तुझा गोंधळलेला चेहरा रात्री डोळ्यांसमोरून हलेना. आजोबांच्या कलमांचा आंबा स्वतः पेट्या भरून पुण्याला पाठवलास आणि एक लाख ऐंशी हजार उभे केलेस. ते सगळे आईच्या खात्यात पडून आहेत आणि आता तुला स्वतःचं खातं हवंय. हवंच. पण टक्क्यावरून खातं निवडू नकोस. ज्या दिवशी तुझं अडेल, त्या दिवसावरून निवड.

आधी ते सात टक्के बघ. जाहिरातीत आकडा मोठा असतो आणि त्याच्या शेजारचा 'पर्यंत' बारीक. पुष्कळ ठिकाणी वरचा दर फक्त वरच्या रकमेला मिळतो. समज, पहिल्या लाखावर तीन टक्के आणि त्यापुढच्या पैशांना सात, तर वर्षाला तुझ्या हिशेबातले १२,६०० नाही, ८,६०० मिळतील. तेही पैसे वर्षभर हलले नाहीत तर. तुझे हलणारच. पावसाच्या तोंडावर खत, दिवाळीनंतर फवारण्या, मग राखणीची माणसं, पेट्या, पेंढा. जून २०२५ मध्ये स्टेट बँकेने बचतीचा दर अडीच टक्क्यांवर आणला. तिथे पूर्ण रकमेचे वर्षाला ४,५०० होतात. म्हणजे एवढी झोप उडाली ती जेमतेम चार हजारांसाठी, आणि हातात पडताना तेही निम्म्यावर येतील.

मीही दोन टक्के जादा व्याजासाठीच गेले होते. ह्यांनी नको म्हटलं होतं. बारा वर्षांच्या आंबापोळीचे आणि कोकमाच्या आगळाचे पैसे बँकेतून काढून मी एका पतसंस्थेत ठेवले. ओळखीची माणसं, घरी येऊन पैसे नेणारी. मग एका रात्री ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, चिपळूणला हलवा. सकाळी मी पतसंस्थेच्या दारात उभी, तर म्हणाले, "आज रोकड नाही, आठवड्याने या." आठवड्याने! मी पाटल्या गहाण टाकल्या. हे वाचले, पाटल्या गेल्या. मुद्दल चार वर्षांत तुकड्यातुकड्यांनी मिळालं, व्याज मी सोडून दिलं. पतसंस्थेच्या ठेवीला ठेव विमा नसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. विमा असलेली बँक बुडाली तर मुद्दल आणि व्याज मिळून एका माणसाला एका बँकेमागे ५ लाखांपर्यंत मिळतात. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाखच होती. म्हणून ॲपचं नाव बघू नकोस, त्याच्यामागची बँक कोणती ते शोध. कित्येक ॲपं स्वतः बँक नसतातच, पैसे दुसऱ्याच बँकेत असतात. तिचं नाव चटकन सापडत नसेल तर ते ॲप त्याच क्षणी काढून टाक.

मुलगा म्हणतो, आई एकदा पोळली म्हणून अजून ताक फुंकते. म्हणू दे. २०१० पर्यंत व्याज दहा तारखेनंतरच्या सगळ्यात कमी शिल्लकीवर मिळायचं. तेव्हा मी दहाच्या आत भरणा करायला उन्हातून चालत गेले आहे. आता रोजच्या शिल्लकीवर मिळतं, तरी मी महिन्याला पासबुक छापून आणते. त्या निमित्ताने खिडकीतला माणूस मला ओळखतो, आणि अडल्या दिवशी तीच ओळख कामाला येते. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तू तेव्हा शाळेत होतीस. वीज नाही, रेंज नाही, कितीतरी दिवस. छपराचे पत्रे आणायला डब्यातली रोकड लागली. तेव्हा मोबाइलमधल्या पैशांचा काय उपयोग होता, सांग ना!

पण ऑनलाइन खातं उघडूच नकोस असं मी म्हणत नाहीये, ते नीट वाच. पुण्याचे पैसे येतात तेच मुळी मोबाइलवरून. फक्त दोन खाती ठेव. तालुक्याच्या बँकेत एक, हात पोचेल असं, आणि दुसरं ऑनलाइन. ते उघडताना आधारच्या ओटीपीवर पाच मिनिटांत झालं म्हणून खूश होऊ नकोस. नुसत्या ओटीपीवर उघडलेल्या खात्यांत शिल्लक १ लाखाच्या वर जाता येत नाही आणि वर्षभरात २ लाखांहून जास्त जमा होऊ शकत नाही. वर्षाच्या आत पूर्ण केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, केली नाही तर खातं चालू राहत नाही. तुझे पैसे येतात एप्रिल-मेमध्ये, एकदम. ऐन हंगामात खातं पैसे घेईना झालं तर गिऱ्हाइकाला काय सांगशील? व्हिडिओवर मूळ पॅन दाखवून केवायसी केलीस की ही मर्यादा राहत नाही. घरी रेंज तुटते, तेव्हा तो व्हिडिओ तालुक्याला बसून कर.

आणि किमान शिल्लक किती, ती मोडली तर दंड किती, हे विचार. फेब्रुवारीत तुझ्या खात्यात काय उरतं ते डोळ्यांसमोर ठेवून विचार, मेमधली शिल्लक बघून नको. फसवणूक झालीच तर बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला त्याच तासात फोन कर, लाजत बसू नकोस.

अजून सात टक्क्यांतच अडकली आहेस का? मग वर पाटल्यांचं लिहिलंय ते पुन्हा वाच.

मंगळवारी मी पासबुक छापायला जाणार आहे, सकाळच्या गाडीला ये. मूळ आधार, मूळ पॅन, दोन फोटो आण. नॉमिनीच्या रकान्यात कुणाचं नाव घालायचं ते आईशी बोलून ठरव. तो रकाना कोरा ठेवलास तर मी तुला खिडकीवरून हलू देणार नाही.

तुझी,
काकी