धा धी ना, धा ती ना

"मॅडम, गुडघे गेलेत. आणि आता या वयात व्याह्यांपुढे नाचायचं?"

बँकेतून निवृत्त झालेले ६१ वर्षांचे गृहस्थ झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलाचं लग्न मडगावला ठरलेलं, सून गोव्यातली ख्रिश्चन. नवरा-नवरीचा पहिला वॉल्ट्झ (तीनच्या ठेक्यावरचा जोडीचा नाच) झाला की तुम्हा दोघांनाही फ्लोअरवर यायचंय, असं मुलाने फोनवर सहज सांगितलं आणि यांची झोप उडाली.

साठीनंतर नाच झेपेल का, गुडघे बिघडतील का, लोक हसतील का, हे प्रश्न माझ्याकडे बरेच जण घेऊन येतात. गुडघा हा माझा प्रांत नाही, म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. थोडी झीज आहे, उड्या आणि झटके नकोत, बाकी हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. संथ वॉल्ट्झमध्ये उड्या नसतातच. नाचाच्या क्लासमधल्या शिक्षिकेने पहिल्या दिवशी यांचे स्पोर्ट्स शूज मात्र काढायला लावले. रबरी तळ फरशीला चिकटतो. अंग वळतं, पाऊल तिथंच राहतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. शेवटी बँकेतले जुने, गुळगुळीत तळाचे चामडी बूट माळ्यावरून खाली आले.

गृहस्थ हिशेबी. "फायदा होतो याला पुरावा काय?" मी दोन अभ्यास सांगितले. इटलीत हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवरचा, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला: आठवड्यातून ३ दिवस, ८ आठवडे वॉल्ट्झ करणाऱ्यांचा दम नेहमीचा व्यायाम करणाऱ्यांइतकाच वाढला. दुसरा न्यूयॉर्कचा, २००३ चा, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ जणांचा: शारीरिक हालचालींपैकी फक्त नाचाचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी दिसला. अर्थात जे नाचत होते ते मुळातच तल्लख असतील, असंही असू शकतं. नाचलं की विसरभोळेपणा टळतो, असं मी कुणाला सांगत नाही.

एक चूक माझीही झाली. त्यांना मधुमेह आहे हे माहीत असून क्लासला जाताना काय खाता, हे मी विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. गोळी घेतलेली आणि पोटात नुसता बिनसाखरेचा चहा. मग डॉक्टरांना विचारून आधी थोडं खाणं आणि खिशात ग्लुकोज ठरलं.

आता खरी गोष्ट. चौथ्या भेटीत म्हणाले, "मॅडम, ३३ वर्षांचा संसार झाला, पण चारचौघांत हिचा हात धरल्याचं आठवत नाही." मग बराच वेळ गप्प. गुडघे, व्याही, सगळं याच्याभोवती होतं. मी एवढंच सुचवलं की घरी दिवाणखान्यात, पडदे ओढून, रोज दहा मिनिटं.

अडलं ते तालावर. वॉल्ट्झचा 'वन-टू-थ्री' यांच्या डोक्यात बसेना. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या. त्यांनी मोजून पाहिलं, वॉल्ट्झमध्ये पायांनी काढायच्या चौकोनाची पावलं सहा. "अहो, हा तर सहा मात्रांचा दादरा!" डावा पाय पुढे, उजवा बाजूला, डावा जवळ: धा धी ना. उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जवळ: धा ती ना. त्या दिवसापासून इंग्रजी आकडे बंद.

चार महिन्यांत वजन दीड किलोच उतरलं. साखर सुधारली, पण औषधही बदललं होतं, त्यामुळे श्रेय वाटून द्यावं लागेल. झोप मात्र लागायला लागली. जिना उतरताना कठड्यावरचा हात सुटला, हे त्यांच्या आधी बाईंच्या लक्षात आलं. आणि सकाळचं फिरणं पाऊस आला की बुडायचं, तसा क्लास बुडत नव्हता, कारण बाई साडी नीट करून दारात उभ्या असायच्या.

लग्नाहून आल्यावर दोघं पेढे घेऊन आले. कसं झालं, विचारलं. ते बाईंकडे बघायला लागले.

"अर्धं गाणं बरं गेलं," बाई म्हणाल्या, "मग यांची सम चुकली आणि बूट माझ्या पायावर. अंगठा अजून काळानिळा आहे."

"हात सोडला नाही पण," ते म्हणाले.