एकटा उरलेला भुंगा आणि पळीभर तेल

प्रश्न असा होता : ‘विज्ञान, कला आणि मानव्यविद्या यांच्यात संवाद हवा, असं प्रत्येक भाषणात ऐकतो. मी चाळीसगाव भागातल्या कॉलेजात बीएस्सी करतोय. आमच्याकडे आर्ट्सवाले वेगळ्या इमारतीत बसतात. खरंच असा संवाद होतो का, की नुसतं बोलायचं असतं?’

बहुतेक वेळा नुसतं बोलायचंच असतं. जळगाव जिल्ह्यात तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे अशी चर्चासत्रं पुष्कळ पाहिली. एकात तर फलकावर ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द मावेना, म्हणून तो दोन ओळींत तोडला होता. सहा वक्ते, प्रत्येकाला वीस मिनिटं, कुणी कुणाला प्रश्न विचारला नाही. दुपारचं भरीत-पुरी मात्र उत्तम होतं. प्रमाणपत्र अजून कपाटात आहे.

पण एकदा असा संवाद खरंच झाला, आणि निमित्त तुमच्याच भागातलं होतं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला तुम्ही गेलाच असाल. तिथे एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथेच, पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. हा लेख उजेडात आणला तो भाऊ दाजी लाड यांनी. ते मुंबईचे डॉक्टर, म्हणजे रोगी तपासणारे डॉक्टर. विद्यावाचस्पती नव्हेत.

तर गोष्ट भुंग्यांपासून सुरू होते. भास्कराचार्यांचा गणिताचा ग्रंथ लीलावती ११५० सालचा, सगळा श्लोकांत. त्यातलं एक गणित मी दरवर्षी वर्गात घ्यायचो. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, या दोन हिश्श्यांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर. एक उरला. एकूण किती? मी फळ्यावर क्ष मांडायचो, पंधरा उत्तर काढायचो, पुढे जायचो. श्लोक वाचायचोच नाही. वीस वर्षं.

एके दिवशी संस्कृतच्या मॅडम स्टाफरूममध्ये माझी वही चाळत होत्या. म्हणाल्या, “सर, तो एक भुंगा का उरला, ते मुलांना सांगता का?” मी म्हटलं, “उरला म्हणजे उरला.” मग त्यांनी श्लोक म्हणून दाखवला. केतकी आणि मालती, दोन्हींचा सुगंध त्याला एकाच वेळी आला. एकाच वेळी दोन प्रेयसींचे निरोप यावेत तशी त्याची अवस्था झाली आणि तो आकाशात इकडून तिकडे भिरभिरत राहिला. अर्धा श्लोक त्या एकट्यावर खर्च झालाय. बाकी चौदा जण नुसते हिशोबात.

त्या दिवशी घरी जाताना एसटीत माझ्या डोक्यात आलं की गणितालाही नेमका तोच भुंगा लागतो. बाकी सगळे हिस्से आहेत, पाचवा, तिसरा, तिप्पट. तेवढ्यावर पंधरा चालतील, तीस चालतील, पंचेचाळीसही चालतील. उत्तर पंधरावर बांधलं जातं ते फक्त ‘एक उरला’ म्हणून. ज्याच्यावर कवीने शब्द उधळले, त्याच्यावरच समीकरण उभं आहे. हे भास्कराचार्यांनी मुद्दाम केलं की सहज झालं, यावर मॅडमचं आणि माझं आजतागायत जमलेलं नाही. मी ‘मुद्दाम’वाला.

दुसऱ्या दिवशी बॉटनीचे सर मध्ये पडले. कुटज म्हणजे आपला कुडा, गौताळ्याच्या डोंगरात हवा तेवढा. सर म्हणाले, “कुडा उन्हाळ्यात फुलायला लागतो, पावसाच्या सुरुवातीपर्यंत असतो. कदंब पावसाळ्यातला. केतकी म्हणजे केवडा, तोही पावसाळ्यातला. एकाच भुंग्यांच्या थव्याला हे सगळं कधी मिळणार?” मॅडम लगेच म्हणाल्या, “आषाढात.” मेघदूतातला यक्ष आषाढात ढगाचं स्वागत करतो ते कुड्याच्याच ताज्या फुलांनी. संस्कृत काव्यात कुटज, कदंब, केतकी ही पावसाची ठरलेली फुलं. म्हणजे श्लोकात महिना लिहिलेला नाही, पण त्या काळच्या वाचकाला तो आपोआप कळत असणार. आम्हा तिघांपैकी एकालाही हे एकट्याने दिसलं नसतं. मला तर कुटज म्हणजे झाड की वेल हेही ठाऊक नव्हतं, आणि ते मी कबूल केलं म्हणून पुढचं बोलणं झालं. शिलींध्र म्हणजे नक्की काय, यावर सर आणि मॅडम भांडले ते वेगळंच.

मग गाडी शिलालेखाकडे वळली. त्याचं छापील वाचन झेरॉक्स करून आणलं. दान दिल्याची वेळ त्यात अशी : शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण. मी म्हटलं, हे माझं काम. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं. १९८७ चा पाडवा प्रभव संवत्सराचा होता, शके १९०९. त्यातून तेरा फेरे, म्हणजे ७८० वजा करा. ११२९ येतात. दगडावर ११२८! पुन्हा केलं, तेच. शेवटी पाहिलं तर कीलहॉर्न यांनी ही गोष्ट आधीच निस्तरलेली : दिवस ९ ऑगस्ट १२०७, म्हणजे शके ११२९च. हे गृहस्थ संस्कृत व्याकरणाचे पंडित, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलेले, आणि ग्रहणांचं गणित करत बसले. मला थोडं ओशाळल्यासारखं झालं.

लेखाचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांत आहे, पण शेवटी जिथे प्रत्यक्ष काय द्यायचं ते येतं, तिथे भाषा एकदम मराठी होते. देवाची, राजाची, घराण्याची स्तुती संस्कृतात आणि बाजाराचा हिशोब मराठीत. पाटणच्या पेठेत जे ‘केणें’, म्हणजे विकायचा माल येईल, त्यावरचा गिऱ्हाइकाकडून राजाला जाणारा हिस्सा मठाला दिला. आणि जेवढे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे ‘पळी पळी’ तेल. तिथल्या गणिताची शाळा घाण्याच्या तेलावर चालायची, हे मला साठीला आल्यावर कळलं.

हे मी वर्गात सांगितलं, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. “सर, पण पळी म्हंजे किती?” घ्या! लीलावतीची सुरुवातच नाणी, वजनं, मापं यांच्या कोष्टकांनी होते आणि त्यात ‘पल’ हे वजन आहे. मी ऐटीत सांगितलं, तेच असणार. संध्याकाळी मॅडमनी कान उपटले. पल वेगळं, पळी वेगळी, पळी म्हणजे तेल काढायची मोठ्या चमच्यासारखी वस्तू. मग दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन माझं चुकलं असं सांगावं लागलं. मुलं खूश.

त्या मुलाने आजोबांची लोखंडी पळी आणली. आणखी दोघांनी घरून आणल्या. केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या मोजपात्रात पाणी ओतून पाहिलं. तीन पळ्या, तीन मापं, एक तर दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. लॅबचे शिपाई दादा बघायला आले, “काय करी ऱ्हायनात सर?” मी म्हटलं, मठाचं तेल मोजतोय. ते हसून गेले. इतिहासाचे सर मात्र गंभीर झाले. त्यांचं म्हणणं, पळी कुणाची धरायची, तेल्याची की मठाची, हा प्रश्न त्या काळीही पेटला असेल, आणि कर देणाऱ्याची पळी नेहमी लहानच असते.

तेव्हा आर्ट्सच्या इमारतीत जाऊन ‘संवाद करू या’ म्हणू नका, ते चहा पाजून परत पाठवतील. तुम्हाला न उलगडलेली एखादी ओळ घेऊन जा. आकडा असलेली ओळ असेल तर उत्तम. आणि समोरच्याने बावळट वाटणारा प्रश्न विचारला तर हसू नका. ‘तो एक का उरला’ हाही मला बावळटच वाटला होता.

तुमच्या गावात कुणाकडे घाण्यावरची जुनी पळी असेल तर तीत किती मिलीलिटर मावतं ते मोजून खाली लिहा. आमची यादी तीनवरच अडकलीय.