विचारा की! : पहिली शॉर्टफिल्म आणि फ्रीजमधली किल्ली

प्रश्न : ताई, आठ वर्षं हौशी रंगभूमीवर काम करतेय, मध्ये एका सिरियलमध्ये शेजारीणही झाले. आता स्वतः शॉर्टफिल्म लिहिलीये, 22 पानं. आई गेल्यावर दोघी बहिणी तिचं कपाट आवरतात, एवढीच गोष्ट. सुरुवातीलाच धाकटी म्हणते, "आईनं ही पैठणी आयुष्यात एकदाच नेसली गं." दिग्दर्शन मीच करणार, थोरलीचा रोलही मीच. घरचे म्हणतात एका वेळी तीन-तीन कामं नकोत. खरंय का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घरच्यांचं अर्धं खरंय. लिही, दिग्दर्शनही कर, पण रोल दुसरीला दे, निदान या खेपेला तरी. आपण कॅमेऱ्यासमोर असलो की टेक संपल्यावर पळत मॉनिटरपाशी जायचं, तो पूर्ण बघायचा, परत येऊन पदर नीट करून उभं राहायचं, यात प्रत्येक टेकला दुप्पट वेळ जातो आणि खिडकीतलं ऊन काही तुझ्यासाठी थांबत नाही. कोंकणा सेन शर्मानं 2006 मध्ये मुंबईच्या काळा घोडा फेस्टिव्हलसाठी 'नामकरण' ही बंगाली शॉर्टफिल्म केली, आणि पहिला मोठा सिनेमा 'अ डेथ इन द गंज' यायला 2016 उजाडलं. गोष्ट घरचीच, म्हणजे वडिलांच्या कथेवरची, पण पडद्यावर ती स्वतः कुठेच नाही! एवढी कसलेली नटी, तरी नाही. आता तू म्हणशील शेफाली शाहनं 'समडे' लिहिली, दिग्दर्शित केली आणि कामही केलं, मग मी का नको? बरोबर, पण तिथं आई आणि क्वारंटाइनमधली मुलगी बंद दाराच्या अलीकडून-पलीकडून बोलतात, म्हणजे मांडणीच आटोपशीर. तुझ्या दोघी एकाच कपाटात हात घालणार, सतत एकमेकींच्या अंगावर.

खरी अडचण मला वेगळीच वाटते, ती पैठणीच्या डायलॉगची. नाटकातून आलेल्या आपण सगळ्याजणी शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून सगळं बोलून दाखवतो (मीही पहिल्या स्क्रिप्टमध्ये हेच केलं होतं, वाचवत नाही आता). अगं, रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की घडीवरच विरतं. धाकटीनं ती पैठणी उलगडावी, डांबरगोळीचा वास येतो म्हणून नाक जरा मागे घ्यावं आणि घडीच्या रेषेवर कापड सुटलेलं दिसावं. थोरलीनं तिच्या हातातून काढून घेऊन परत तशीच घडी घालावी. झालं, डायलॉग कशाला? असं करत गेलीस की 22 ची 12 पानं होतील. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट धरतात. ऑस्करला शॉर्टफिल्म 40 मिनिटांपर्यंत चालते पण फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलला 15 च, आणि तसंही पहिल्या फिल्मची 22 मिनिटं लोक प्रेमापोटीच बघतात.

आणि आवाजाकडे बघ बाई! चित्र थोडं हललं तर लोक स्टाइल समजतात, आवाज घाण आला की मोबाइल खाली ठेवतात. शूटिंगला पंखा बंद, फ्रीज बंद, शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवायचं की अकरा ते एक कुकर लावू नका. फ्रीज बंद केलास की आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेव. साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे ही, घरी निघताना किल्ली शोधत फ्रीजपाशी जातोच, मग तो चालू करायचा राहत नाही, दूध वाचतं. आणि पॅकअपच्या आधी सगळ्यांना अर्धा-एक मिनिट गप्प उभं करून नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून घे, एडिटिंगला दोन टेक जोडताना सांधा कळत नाही.

प्रश्न : फिल्म झाल्या झाल्या यूट्यूबला टाकू का? – ठाण्याहून

उत्तर : थांबा जरा. बऱ्याच फेस्टिव्हलना आधी नेटवर आलेली फिल्म चालत नाही, प्रत्येकाचे नियम वाचा, आधी तिकडे पाठवा. यूट्यूब कुठे पळून जात नाही.

प्रश्न : 1961 चं एक भावगीत वापरायचंय, इतकं जुनं म्हणजे फुकटच ना? – नाशिकहून

उत्तर : इथेच लोक फसतात. रेकॉर्डिंगवरचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी आणि संगीतकार गेल्यानंतर आणखी 60 वर्षं चालतो. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं नाही, आणि नटीनं नुसतं गुणगुणलं तरी परवानगीचा प्रश्न येतोच. त्यापेक्षा घरात कुणा आजीला जात्यावरच्या पारंपरिक ओव्या येत असतील तर दुपारी तिच्याजवळ बसा, पंखा बंद करून रेकॉर्ड करा, आणि टायटलमध्ये तिचं नाव घाला.