‘मुलगा फक्त कॉमिक्सच वाचतो’: सातवीतल्या एका वाचकाची गोष्ट

समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांकडून एक तक्रार मी वर्षातून अनेकदा ऐकते. “मॅडम, आमचा मुलगा वाचतो, पण नुसती कॉमिक्स वाचतो. खरे पुस्तक हातात धरत नाही. त्याचे वाचन सुधारायचे तर ही चित्रांची पुस्तके बंद करावीत का?” या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देता येत नाही, म्हणून एका कुटुंबाचा अनुभव सविस्तर मांडते आहे. त्यांची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

पुण्यातले हे कुटुंब. आई बँकेत, वडील अभियंता आणि एकुलता एक मुलगा सातवीत. पहिल्या भेटीत आईने पिशवीतून एक पुस्तक काढले आणि मुखपृष्ठ खाली करून टेबलावर ठेवले. “उंदरांचे पुस्तक म्हणून ग्रंथालयातून घेऊन आला. मी सहज उघडले, तर फासावर लटकवलेल्यांचे चित्र. रात्रभर मला झोप लागली नाही.” ते पुस्तक होते आर्ट स्पीगेलमन यांचे ‘माउस’. लेखकाच्या वडिलांनी नाझींच्या छळछावणीत काय भोगले, त्याची ही चित्रकथा आहे. तिच्यात ज्यू उंदरांच्या आणि नाझी मांजरांच्या रूपात येतात. १९९२ मध्ये तिला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. प्रौढ वाचकांसाठीच्या या पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहून बारा वर्षांच्या मुलाने ते उचलले, यात त्याचा काहीच दोष नव्हता.

दोष मांडणीचा होता. ग्रंथालयात पुस्तके विषयवार क्रमांकाने लावण्याच्या ड्यूई दशांश वर्गीकरणात कॉमिक्सचा क्रमांक ७४१.५ असा आहे, म्हणजे ती चित्रकलेच्या शेजारी येतात. जिथे केवळ क्रमांकाने पुस्तके लावतात तिथे सहा वर्षांच्या मुलाचे पुस्तक आणि छळछावणीची कहाणी एकाच फळीवर खांद्याला खांदा लावून उभी राहू शकतात. त्यामुळे पालकांना मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की कॉमिक हे लिहिण्याचे एक माध्यम आहे आणि ते कोणत्याही वयासाठी वापरले जाते. चित्रे आहेत म्हणून पुस्तक मुलांचे ठरत नाही. ग्रंथपालांना वय सांगून विचारावे आणि घरी आणलेले पुस्तक एकदा स्वतः चाळावे.

आईची भीती अशी समजण्यासारखी होती. वडिलांची तक्रार मात्र वेगळी होती. त्यांच्या मते मुलगा आळशी झाला होता, चित्रांच्या आधाराने वाचण्याची सवय त्याला लागली होती आणि आता ग्रंथालयाची वर्गणी बंद करून अनामत परत घ्यावी हे बरे. त्या दिवशी मी जो सल्ला दिला तो चुकला, हे मला इथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. मी सुचवले की एक कॉमिक आणले तर एक साधे पुस्तकही आणायचे आणि दोन्ही वाचायची. हा तोडगा सर्वांना पटला. तीन आठवड्यांनी कळले की साधी पुस्तके न उघडताच परत जात होती आणि मुलगा आता कॉमिक्सही गादीखाली लपवून वाचू लागला होता. कॉमिकला लाच आणि पुस्तकाला शिक्षा ठरवण्याचे काम मीच केले होते.

पुढच्या भेटीत मुलाला एकट्याला बसवले आणि त्याला आवडणारे काहीही घेऊन यायला सांगितले. त्याने ‘टिंकल’ या मुलांच्या कॉमिक नियतकालिकाचा जुना अंक आणला होता. मी त्याच्याशेजारी बसून नुसते पाहत राहिले. एका पानावर तो जवळजवळ दोन मिनिटे थांबला. सुप्पंडी या भोळसट पात्राच्या गोष्टीतल्या दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीवर त्याने बोट ठेवले आणि म्हणाला, “इथे तो बाजारात जाऊन आलाय. दाखवलं नाहीये, पण पुढच्या चित्रात पिशवी भरलेली आहे.” दोन चौकटींमधल्या या रिकाम्या जागेत काय घडले ते वाचकाने स्वतः जोडायचे असते आणि कॉमिकचे सारे वाचन या जोडण्यावर चालते. सांगितलेल्या दोन गोष्टींमधून न सांगितलेली तिसरी काढणे, याचीच परीक्षा भाषेच्या उताऱ्यांमध्ये घेतली जाते. ज्याला वडील आळस म्हणत होते ते प्रत्यक्षात सावकाश, बारकाईने केलेले वाचन होते.

मग साधे पुस्तक नको का वाटते, असे विचारल्यावर त्याने आधी खांदे उडवले आणि थोड्या वेळाने म्हणाला, “कॉमिकवर बाबा प्रश्न विचारत नाहीत.”

त्या घरात दर संध्याकाळी जेवणाआधी वाचलेल्या पानांचा सारांश सांगण्याची प्रथा होती. त्यासाठी वेगळी वही होती, तीत पानांचे क्रमांक, कठीण शब्द आणि ‘यातून काय शिकलास’ असा रकाना होता. वडिलांनी हे सगळे अतिशय मायेने सुरू केले होते. त्यांना स्वतःला लहानपणी कोणी पुस्तक आणून दिले नव्हते आणि मुलाला मिळालेले वाया जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. कॉमिक्स त्यांच्या लेखी वाचनच नव्हते, म्हणून त्या वहीतून सुटली होती. मुलाने घरातली एकमेव बिनपरीक्षेची जागा शोधली होती आणि तो तिथे राहायला गेला होता. हे मी वडिलांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिले. सहा आठवडे ही वही कपाटात ठेवायची आणि वाचनाबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही, असे आमचे ठरले. हे त्यांना किती अवघड जाणार होते याची मला कल्पना होती, कारण मुलाने त्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवल्याबरोबर ‘मग पुढे काय झालं असेल?’ हा प्रश्न माझ्याही जिभेवर आला होता.

कॉमिक्सविषयीची धास्ती जुनी आहे आणि ती पसरवण्यात आमच्या क्षेत्राचाही हात आहे. अमेरिकेत १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी कॉमिक्समुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात असे सांगणारे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी स्वतःवर कडक आचारसंहिता लादून घेतली. वर्थम यांची कागदपत्रे पुढे संशोधकांना खुली झाली. ती तपासून कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक महिलेने २०१२ मध्ये दाखवून दिले की, त्यांनी मुलांच्या नोंदी बदलल्या होत्या, काही एकत्र केल्या होत्या आणि गैरसोयीचे तपशील वगळले होते. समोर बसलेल्या मुलाचे बोलणे आपल्या मताच्या मापाने कापण्याचा मोह कुठे नेतो, हे मी त्या प्रकरणातून शिकले.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक वेळी तपासते आणि पालकांनीही तपासावी. काही मुले कॉमिक्सकडे वळतात कारण त्यांना अक्षरे वाचणेच जड जाते. असे मूल संवादाच्या फुग्यांमधला मजकूर सोडून फक्त चित्रांवरून गोष्ट लावते, मोठ्याने वाचताना अडखळते, ओळ चुकते, जोडाक्षरांवर थांबते आणि तोंडी हुशारी व लेखी कामगिरी यांत मोठी तफावत दिसते. अशा वेळी अध्ययन अक्षमतेची रीतसर चाचणी करून घ्यावी. कॉमिक बंद केल्याने ती अडचण फक्त झाकली जाईल. या मुलाने पाठ्यपुस्तकातले पान माझ्यापुढे स्वच्छ वाचले, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला.

यानंतर आम्ही तिघांनी मिळून ग्रंथालयासाठी एक यादी केली. ती पुष्कळ पालकांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून देते. दहा-बारा वर्षांपर्यंत ‘टिंकल’, मराठीत चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’चे संग्रह, आणि शि. द. फडणीस यांची शब्दांविना हसवणारी चित्रे. ‘चिंटू’ १९९१ पासून वर्तमानपत्रात येऊ लागला, त्यामुळे आजच्या आईवडिलांचीही त्याच्याशी ओळख असते आणि त्यावर घरात सहज बोलणे होते. ‘टिंकल’ची सुरुवात १९८० मध्ये अनंत पै यांनी केली. त्याआधी, १९६७ मध्ये, त्यांनी सुरू केलेली ‘अमर चित्र कथा’ आजही माझ्या यादीत आहे, पण जोडीला एक सूचना असते. तिच्या जुन्या अंकांत देव आणि नायक गोरे अन् असुर काळे का रंगवले आहेत, यावर मुलाशी जरूर बोलावे. ‘ॲस्टेरिक्स’ भाषेच्या खेळांसाठी द्यावे. ‘टिनटिन’ कथानकाच्या वेगासाठी द्यावे, मात्र सुरुवातीच्या काँगोच्या भागात आफ्रिकी माणसांचे चित्रण अपमानास्पद आहे, तो भाग लहान मुलाच्या हाती एकट्याने देऊ नये.

इंग्रजी वाचणाऱ्या दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी मी दोन नावे आवर्जून सुचवते. सेसे बेल यांचे ‘एल डेफो’ हे श्रवणयंत्र लावून शाळेत जाणाऱ्या मुलीचे आत्मकथन आहे आणि त्यातली सगळी माणसे सशांच्या रूपात आहेत. चष्मा, दातांची तार, तोतरेपणा अशा कोणत्याही कारणाने वर्गात वेगळे पडलेल्या मुलाला ते जवळचे वाटते. जेरी क्राफ्ट यांचे ‘न्यू किड’ नव्या शाळेत उपरे वाटणाऱ्या मुलाबद्दल आहे. २०२० मध्ये न्यूबेरी पदक हा अमेरिकेतला बालसाहित्याचा पुरस्कार मिळवणारी ती पहिलीच चित्रकादंबरी ठरली. मर्जान सत्रापी यांचे इराणमधल्या बालपणावरचे ‘पर्सेपोलिस’, केइजी नाकाझावा यांची हिरोशिमावरच्या अणुबॉम्बची ‘बेअरफूट गेन’ आणि ‘माउस’ ही तिन्ही थोर पुस्तके आहेत, पण माझ्या मते ती पंधराच्या पुढे आणि शक्यतो घरातले कोणी मोठे सोबत वाचत असताना द्यावीत.

यादीतल्या दोन पुस्तकांनी या घरात प्रत्यक्ष काम केले. पहिले ‘भीमायन’. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढलेली ही डॉ. आंबेडकरांच्या अनुभवांची चित्रकथा २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. हिच्यात काटेकोर चौकटी नाहीत, गोंड नक्षीच पान विभागते. आम्ही ते पुस्तक माझ्याकडे एकत्र वाचत होतो. १९०१ सालचा प्रसंग होता. भीम आणि बरोबरची मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघून मसूर स्थानकावर उतरतात. ती महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो, गाडीवाला दुप्पट भाडे घेऊनही गाडी त्यांनाच हाकायला लावतो आणि वाटेत त्यांना प्यायला पाणी मिळत नाही. मुलाने मान वर केली. “मसूर? मामाकडे जाताना लागतं ते?” त्याच्या आईचे माहेर कराड तालुक्यातलेच. मग तो पुन्हा पान पाहू लागला आणि काही वेळाने त्याने मला दाखवले की काही जणांचे बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात आहे आणि काहींच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. “ज्याचं बोलणं टोचतं त्याला नांगी.” हे मी त्याला सांगितले नव्हते. घरी गेल्यावर त्याने आजोळी फोन लावला आणि तिथे तेव्हा पाणी कोणाला मिळत होते, असे आजोबांना विचारले, हे आईकडून कळले. या फोनचा सारांश कोणी मागितला नाही.

दुसरे पुस्तक शॉन टॅन यांचे ‘द अरायव्हल’. २००६ चे हे पुस्तक शब्दांविना आहे. घर सोडून परक्या देशात जाणाऱ्या माणसाची गोष्ट केवळ चित्रांतून सांगितली असल्याने ते वडिलांनी मुलाबरोबर वाचावे असे मी मुद्दाम सुचवले, कारण त्यात कठीण शब्द विचारण्याची सोयच नव्हती. वडील नोकरीसाठी लातूरहून पुण्याला आलेले. पुस्तकाच्या सुरुवातीला तो माणूस कुटुंबाचे चित्र गुंडाळून पेटीत ठेवतो, त्या पानावर ते थांबले आणि आपण आलो तेव्हा पेटीत काय काय होते, ते मुलाला सांगत बसले. मुलाने त्यांना प्रश्न विचारले. ही हकिकत वडिलांनीच मला येऊन सांगितली.

सहा महिन्यांनी आम्ही शेवटचे भेटलो. मुलगा अजूनही मुख्यतः कॉमिक्स वाचतो. या काळात त्याने दोन साधी पुस्तके स्वतः निवडली, त्यांपैकी एक संपवले आणि एक अर्ध्यावर सोडले. “इतकेच?” असे वडिलांनी मला विचारले, आणि मी त्यांना हो म्हटले. वही कपाटात आहे. ग्रंथालयाच्या बालविभागात आता चित्रकथांचे वयानुसार दोन कप्पे केले आहेत, ते आईने ग्रंथपालांशी बोलून करवून घेतले. वर्गणी बंद झाली नाही, उलट घरात एक खाते वाढले आहे. ते वडिलांच्या नावावर आहे आणि त्यावर त्यांनी ‘माउस’चा दुसरा भाग मागवून ठेवला आहे. पहिला भाग त्यांनी केवळ तपासण्यासाठी म्हणून उघडला होता.