"काय खाल्लंस?"च्या आधीचा प्रश्न

"पोटात कळ आली की माझे हातपाय गळतात. साधं आहे की घातक, हे ओळखायचं कसं?" हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की आता त्यावर लिहायलाच हवं. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. पण या भीतीबद्दल मला जे उमगलं, ते एका आईमुळे.

तिच्या मुलाचं अपेंडिक्स फुटलं होतं. तो खडखडीत बरा झाला, आई मात्र त्या रात्रीतच अडकली. घरात कुणी पोट धरलं की तिला घाम फुटायचा. मुलगा मग दुखणं लपवू लागला.

"मी त्याला पोट साफ व्हायचं औषध दिलं हो," ती दर वेळी म्हणायची. "तुमची चूक नाही" असं म्हणायचा मोह मी टाळला. थोपटून झोपवलेला अपराधभाव रात्री पुन्हा जागा होतो, असं माझं ठाम मत आहे.

पाचव्या भेटीला मी मुलालाही बोलावलं. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "आई, तू विचारलंस काय खाल्लंस. बाबांनी विचारलं, परीक्षेचं टेन्शन आलंय का. कुठे दुखतंय, हे कुणी विचारलंच नाही."

ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता सांग."

त्याने बोट बेंबीपाशी ठेवलं आणि हळूहळू उजवीकडे खाली नेलं. "आधी इथे. पहाटे इथे. खोकलो की जीव जायचा. मग एकदम कमी झालं, मला वाटलं बरं झालं." असं अचानक थांबणं ही अपेंडिक्स फुटल्याची खूण असू शकते, पुढे दुखणं पोटभर पसरतं.

त्या बोटाकडे बघताना मला लख्ख दिसलं: दुखण्याचा पत्ता विचारला की भीतीला काम मिळतं. पुढच्या भेटींत आम्ही तेच शिकलो. मुतखड्याची कळ कमरेच्या बाजूने जांघेकडे उतरते आणि माणूस तळमळतो, एका जागी पडूच शकत नाही. पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आली तर उलट. तो हलायलाही घाबरतो. स्वादुपिंडाचं दुखणं बऱ्याचदा पाठीत जातं, पुढे वाकलं की थोडं हलकं वाटतं. मुलग्यांच्या ओटीपोटातली अचानक कळ कधी अंडकोषाला पीळ पडल्याचीही असते, आणि तिथे हातात जेमतेम सहा तास असतात. लाजेपोटी ते सांगत नाहीत, म्हणून आपण विचारायचं.

पत्ता कळला म्हणजे निदान झालं, असं मात्र नाही. पोट लाकडासारखं कडक होणं, चक्कर, रक्ताची उलटी, काळी शौच, पोट फुगून वायूही न सरणं, पाळी चुकलेली असताना एका बाजूला कळ, छातीत दडपण: यातलं काहीही दिसलं तर विचार करत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. तीव्र दुखणं तासन् तास टिकलं, तरीही तेच. आणि रेचक देऊ नका.

काही महिन्यांनी तिचा रात्री फोन आला. या वेळी दुखत तिलाच होतं. "उजव्या बरगडीखाली, जेवणानंतर तासाभराने सुरू झालं, उजव्या खांद्याच्या पात्यात जातंय. निघालोय आम्ही." आवाज दुखरा होता, पण थरथरत नव्हता. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. तिला पहिल्यांदा "कुठे दुखतंय?" असं विचारलं होतं मुलाने.